सोळा महिन्यांचा संसार आणि मालमत्तेचा हिशेब

पत्राचा गोषवारा : हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करणाऱ्या ३३ वर्षांच्या वाचकाचे हे पत्र आहे. लग्नानंतर १६ महिने संसार झाला, मूल नाही, आणि गेले ७ महिने पत्नी सहकारनगरला माहेरी राहते आहे. पुन्हा एकत्र येण्याची शक्यता दोघांनाही वाटत नाही. पुनावळ्याचा फ्लॅट वाचकाने लग्नाच्या २ वर्षे आधी स्वतःच्या नावावर घेतला आणि त्याचे हप्ते त्याच्याच पगारातून जातात. ताबा मिळाल्यावर मात्र पत्नीने आपल्या बचतीतून ९ लाख रुपये दिले. त्यांतले ६ लाख फर्निचरला लागले आणि ३ लाख कर्जखात्यात भरले गेले. लग्नानंतर सासवडजवळचा एक एनए (बिगरशेती) प्लॉट दोघांच्या नावावर २४ लाखांना घेतला, त्यात पत्नीचे ६ लाख आहेत. आहेरात आलेल्या रकमेची बँकेत संयुक्त ठेव आहे. पत्नीचे दागिने वाचकाच्या आईच्या लॉकरमध्ये आहेत. पत्नीने दागिने, ९ लाख रुपये आणि प्लॉटचा निम्मा हिस्सा मागितला आहे. 'ती स्वतःहून घर सोडून गेली, मग सोळा महिन्यांसाठी एवढे कशाला द्यायचे,' असे घरच्यांचे म्हणणे आहे. पत्नीला निम्मी मालमत्ता देण्याचा कायदा झाल्याचे एक मित्र सांगतो. लंडनला काही वर्षे राहून आलेला सहकारी सांगतो की लग्न थोडे दिवस टिकले तर ज्याचे त्याने घेऊन निघायचे असते. घटस्फोटाचा अर्ज दाखल होण्याआधी फ्लॅटचे बक्षीसपत्र आईच्या नावे करून टाकावे, असा मामांचा आग्रह आहे. वाचकाचा प्रश्न असा की न्यायालय अशा लग्नात मालमत्ता कशी वाटते, आणि त्याने आता काय करावे.

तुमचे पत्र सविस्तर आहे आणि आकडे तुम्ही लपवलेले नाहीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तुमच्या प्रश्नातच एक गृहीत दडलेले आहे, ते आधी बाजूला काढू या. घटस्फोटाच्या वेळी न्यायाधीश नवराबायकोची सगळी मालमत्ता एकत्र करून तिचे भाग पाडतात, असे तुम्ही धरून चालला आहात. महाराष्ट्रात हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेल्या जोडप्याच्या बाबतीत असे होत नाही. १९५५ च्या या कायद्यात मालमत्तेविषयी म्हणून जे कलम आहे, ते २७ वे, आणि त्याचा आवाका लग्नाच्या निमित्ताने मिळालेल्या व दोघांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंपुरता आहे. बाकीच्या मालमत्तेविषयी वाद असेल तर कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ प्रमाणे तेच न्यायालय तो वाद ऐकू शकते. पण तेथेही प्रश्न विचारला जातो तो मालकीचा, म्हणजे ही वस्तू मुळात कोणाची आणि तिच्यात पैसा कोणाचा. पोटगी हा त्याहून निराळा प्रश्न आहे आणि त्याची मोजपट्टीही निराळी आहे. लग्न किती दिवस टिकले याला पोटगीच्या प्रश्नात बरेच वजन असते. मालकीच्या प्रश्नात जवळजवळ काहीच नसते. तुमच्या घरात हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत आणि बराचसा संताप त्यातून आला आहे, असे पत्र वाचताना वाटले.

मित्राचे म्हणणे पूर्णपणे हवेतले नाही. विवाह कायद्यात दुरुस्ती करणारे एक विधेयक २०१० मध्ये मांडले गेले होते. पतीच्या मालमत्तेतून पत्नीला वाटा देण्याची तरतूद त्यात होती आणि २०१३ मध्ये राज्यसभेने ते मंजूरही केले. परंतु लोकसभेत ते मंजूर झाले नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर ते बारगळले. त्या वेळच्या बातम्या लोकांच्या लक्षात राहिल्या, पुढचे कोणी सांगितले नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे, वेगळा करार केलेला नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते. तो नियम पुण्यात राहणाऱ्या तुम्हा दोघांना लागू होत नाही. सहकाऱ्याने सांगितले ते इंग्लंडचे, आणि तेही अर्धवट. तेथील १९७३ च्या कायद्यात लग्नाचा कालावधी हा न्यायालयाने विचारात घ्यायचा एक घटक आहे, आणि थोडा काळ टिकलेल्या, मूल नसलेल्या, दोघेही कमावते असलेल्या एका लग्नात तेथील अपील न्यायालयाने २०१७ मध्ये समान वाटणी नाकारली होती. नाकारली म्हणजे काहीच दिले नाही असे नव्हे. त्या पतीला २० लाख पौंड मिळालेच. तात्पर्य, मित्राची भीती आणि सहकाऱ्याचा दिलासा हे दोन्ही तुमच्या कामाचे नाहीत.

आता फ्लॅटकडे येऊ. लग्नाआधी तुमच्या नावावर झालेला आणि तुमच्याच पगारातून फेडला जात असलेला फ्लॅट तुमचा आहे, आणि केवळ लग्न झाल्यामुळे पत्नीला त्याच्या मालकीत हिस्सा मिळत नाही. पण तिने दिलेल्या पैशांचे काय, हा प्रश्न उरतोच. कर्जखात्यात गेलेल्या ३ लाखांची नोंद दोन्ही बँकांच्या खातेउताऱ्यात स्वच्छ दिसेल, आणि तेवढ्या रकमेने तुमच्या मालकीच्या घरावरचा बोजा कमी झाला, हे नाकारता येणार नाही. ती रक्कम तिने प्रेमाने दिली होती, घरखर्च म्हणून दिली होती, असा युक्तिवाद वकील करू शकतात. तो न्यायालयात टिको वा न टिको, तुम्हाला स्वतःला तो पटतो का, एवढे पाहा. फर्निचरच्या ६ लाखांचे उत्तर इतके सरळ नाही. काही सामान तिला उचलून नेता येईल, काही भिंतीत बसवलेले आहे, आणि वापरलेल्या फर्निचरची किंमत बिलाइतकी राहत नाही. येथे पूर्ण रकमेवर तिने अडून बसू नये आणि शून्यावर तुम्ही अडून बसू नये. मधला आकडा काढायला बिले आणि एखाद्या माहीतगार सुताराचा अंदाज पुरतो.

मामांचा सल्ला मात्र तुम्ही मानू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. कर्ज चालू असलेला फ्लॅट बँकेकडे तारण आहे, त्यामुळे बँकेच्या संमतीशिवाय बक्षीसपत्र करणे हाच पहिला अडथळा. ते झालेच तरी हेतू साधत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ३९ मध्ये अशी तरतूद आहे की ज्या स्थावराच्या उत्पन्नातून एखाद्या व्यक्तीला पोटगीचा हक्क आहे, ते मोबदल्याशिवाय दुसऱ्याला दिले, तर तो हक्क घेणाऱ्याविरुद्धही बजावता येतो. शिवाय तुम्ही दोघे त्या फ्लॅटमध्ये संसार करत होता, म्हणून कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याखाली ते सामाईक घर ठरू शकते, आणि असे घर सासूसासऱ्यांच्या मालकीचे असले तरी पत्नी तेथे निवासाचा हक्क मागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. वाद पेटल्यावर घाईने केलेले बक्षीसपत्र त्यात उठून दिसेल, आणि ज्या फ्लॅटवर तुमच्या पत्नीने आजवर मालकी सांगितलेलीही नाही, त्याच्यासाठी तुमच्या प्रत्येक शब्दावर संशय घेतला जाईल. मामा तुमच्या भल्यासाठीच बोलत असणार. पण दस्तावर सही तुमची असेल आणि उलटतपासणीलाही तुम्हालाच उभे राहावे लागेल.

पत्रात तुम्ही दागिन्यांना दोन ओळी दिल्या आहेत. माझ्या मते सर्वांत निकडीचा विषय तोच आहे. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर स्त्रीला माहेरकडून, सासरकडून वा स्नेह्यांकडून भेट मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन असते आणि त्यावर तिची एकटीची पूर्ण मालकी असते. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितले, आणि स्त्रीधन ही पतिपत्नीची सामाईक मालमत्ता होत नाही, याचा पुनरुच्चार २०२४ मध्येही केला. सासरच्यांकडे ते केवळ सांभाळण्यासाठी असते. मागितल्यावर परत न करणे हा फौजदारी न्यासभंग, म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू बळकावण्याचा गुन्हा, ठरू शकतो, आणि लॉकर आईच्या नावावर असल्यामुळे त्या तक्रारीत तुमच्याबरोबर आईचेही नाव येऊ शकते. ही शक्यता घरात कोणी बोलून दाखवली आहे का?

तुमच्या आईची हरकत मुख्यतः तोड्यांविषयी आहे, असे तुम्ही लिहिता. आजीचे ते तोडे सूनमुख पाहताना आईने सुनेच्या हातात घातले. आता ते घराण्याबाहेर जाऊ नयेत, असे तिला वाटते. तिची भावना मला समजते. घरातल्या चार बायकांनी वापरलेला दागिना एका फसलेल्या लग्नापायी दुसऱ्या घरी जावा, हे कोणालाही लागणारच. तरीही सूनमुखाला घातलेला दागिना हा सुनेला दिलेला दागिना आहे, समारंभापुरता वापरायला दिलेला नव्हे, असेच कोणीही समजेल. उलट म्हणायचे असेल तर ते त्या वेळी बोललेले किंवा लिहिलेले दाखवावे लागेल. तेव्हा हक्काची भाषा सोडून द्यावी, सगळे दागिने आधी परत करावेत, आणि त्यानंतर आईला पत्नीशी किंवा तिच्या आईशी बोलू द्यावे की तोड्यांच्या वजनाचे आजच्या भावाने पैसे घेऊन ते आम्हाला द्याल का. ही विनंती आहे. ती नाकारली गेली तर ते मान्य करायचे.

परत करण्याची रीतही महत्त्वाची आहे. आपल्याकडे लग्नाआधी याद्या होतात. दोन्हीकडची वडीलमंडळी बसून कोणी काय घालायचे ते कागदावर लिहितात. तो कागद आणि लग्नातले फोटो घेऊन यादी करावी, दोन्हीकडचा एकेक माणूस हजर ठेवून सराफाकडे प्रत्येक नग तोलावा, वजन लिहावे आणि दिल्याघेतल्याच्या सह्या घ्याव्यात. 'आधी संमतीने घटस्फोटाच्या अर्जावर सही कर, मग दागिने देतो,' असे चुकूनही म्हणू नका, मेसेजमध्ये तर नाहीच. तिच्या वडिलांनी मागितले म्हणून त्यांच्या हाती परस्परही देऊ नका. मुलीने अधिकार दिल्याशिवाय वडिलांना तिच्या स्त्रीधनावर दावा करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्याच आणखी एका प्रकरणात म्हटले आहे. पावतीवर सही तिचीच हवी.

प्लॉटच्या बाबतीत तुमची बाजू बरीच भक्कम आहे, पण तिला एक गाठ आहे. दोघांनी आपापल्या पैशांतून एकत्र खरेदी केली आणि वेगळे काही ठरले नसेल, तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा, असे १८८२ च्या त्याच कायद्याचे कलम ४५ सांगते. पैशांचा पुरावाच नसेल तर दोघांचे हिस्से समान मानले जातात. त्यामुळे आधी खरेदीखत काढून वाचा. त्यात निम्मा निम्मा हिस्सा असे लिहिलेले असेल तर पत्नीची मागणी बिनतोड नसली तरी जड आहे. काहीच लिहिलेले नसेल आणि तुमचे १८ व तिचे ६ लाख बँकेमार्फत गेलेले दिसत असतील, तर तिचा हिस्सा एक चतुर्थांश, असे तुम्ही योग्यपणे म्हणू शकता. तो चतुर्थांश आजच्या किमतीचा धरावा. खरेदीच्या वेळच्या ६ लाखांवर तिची बोळवण करणे बरोबर होणार नाही, कारण जमिनीचा भाव वाढला असेल तर तो तिच्याही हिश्श्याचा वाढला. एवढ्याशा प्लॉटचे तुकडे करण्यात अर्थ नसतो. अशा वेळी न्यायालय १८९३ च्या वाटणी कायद्याखाली विक्रीचा आदेश देऊ शकते आणि एका भागीदाराला दुसऱ्याचा हिस्सा विकत घेण्याची वाटही देते. तेच तुम्ही आज आपापसांत करू शकता.

गाठ अशी की प्लॉटमध्ये 'नाव दोघांचे असले तरी पैसे कोणाचे ते पाहा' म्हणायचे आणि फ्लॅटमध्ये 'पैसे कोणाचेही असोत, नाव माझे आहे' म्हणायचे, हे एकाच दिवशी एकाच न्यायाधीशांसमोर शोभत नाही. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही मालमत्तांची कागदपत्रे वेगळी आहेत, हे खरे. तुमचे वकील तसे मांडतीलही. पण समझोता करायचा असेल तर दोन्हीकडे एकाच मापाने मोजा. प्लॉटमध्ये पैशांचे माप धरल्यास फ्लॅटमधले ३ लाख तुम्ही आपणहून मान्य केले पाहिजेत, आणि ते मान्य केल्याने प्लॉटविषयीचे तुमचे म्हणणे तिच्या वकिलालाही ऐकावे लागेल.

आहेराच्या ठेवीवर फार वेळ घालवायला नको. लग्नात दोघांना मिळून आलेली रक्कम हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ मध्ये थेट बसते. ठेव मोडून निम्मी निम्मी करावी. कोणाच्या पाहुण्यांनी जास्त पाकिटे दिली, याचा हिशेब आजवर कोणाला लागलेला नाही.

पोटगीविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण प्रश्न येणार आहे. त्याच कायद्याच्या कलम २५ खाली कायमस्वरूपी पोटगी ठरवताना दोघांचे उत्पन्न, मालमत्ता, वागणूक आणि इतर परिस्थिती पाहिली जाते. अलीकडे अनेक विवाह फार काळ टिकत नाहीत, अशा वेळी एका बाजूला आयुष्यभराची पोटगी द्यायला लावणे न्याय्य ठरणार नाही आणि लग्नाचा कालावधी हा विचारात घेण्याचा घटक आहे, असे मी वर सांगितलेल्या 'रजनेश' निकालात म्हटले आहे. तुमची पत्नी कमावती आहे, मूल नाही, एकत्र संसार दीड वर्षाहून कमी. मोठ्या पोटगीला यात फारसा आधार दिसत नाही, मात्र पत्नी कमावते म्हणून पोटगी मिळतच नाही, असाही नियम नाही. तिने तुमच्यासाठी नोकरी बदलली होती का, पगार कमी झाला होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. तसे असेल तर समझोत्याच्या रकमेत त्याचा विचार करावा. 'ती स्वतःहून गेली' हा मुद्दा आलाच तर तो येथे येतो, आणि येथेही का गेली हे विचारले जाईल. दागिने, ३ लाख आणि प्लॉट यांच्या मालकीशी त्याचा काही संबंध नाही.

पुढची वाट बरीचशी वेळेने ठरलेली आहे. परस्पर संमतीने घटस्फोटाच्या अर्जासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब प्रमाणे एक वर्ष वेगळे राहिलेले असणे आवश्यक आहे, म्हणजे तुमच्या हाती अजून ५ महिने आहेत. अर्जानंतर ६ महिने थांबावे लागते. ही मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे, आणि सर्व देणीघेणी मिटलेली असणे हा माफीसाठी पाहिला जाणारा एक भाग आहे. या ५ महिन्यांत दागिने परत करावेत, प्लॉटचे मूल्यांकन सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून करून घ्यावे, दोघांच्या खात्यांचे उतारे काढावेत आणि मग संमतीच्या अटींचा मसुदा लिहून घ्यावा. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात आणि तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कायद्यानेच ठरलेले काम आहे. त्यांच्यासमोर जाताना आकड्यांचा एक कागद हाती असेल तर बोलणे मुद्द्यावर राहते. दोन्हीकडच्या नातेवाइकांना त्या बैठकीत नेऊ नका.

हे सदर वाचणाऱ्या, तुमच्या पत्नीच्या जागी असलेल्या स्त्रियांसाठीही थोडे लिहितो, कारण तशी पत्रे अधिक येतात. फ्लॅट पतीच्या नावावर असेल आणि तुम्ही हप्ता भरत असाल, तर रोख देऊ नका. आपल्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा आणि उतारे जपून ठेवा. दागिन्यांच्या पावत्या माहेरी ठेवा आणि लॉकर घ्यायचाच तर त्यावर आपलेही नाव असू द्या. लग्नातल्या भेटींची सह्यांनिशी यादी करून ठेवावी, असे हुंडा प्रतिबंधक कायद्याखालचे १९८५ चे नियम सांगतात. अशी यादी मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत विधी साहाय्य मिळते. आणि जी जोडपी आज सुखाने एकत्र घर घेत आहेत, त्यांनी करारनाम्यातच प्रत्येकाचा हिस्सा लिहून घ्यावा. संयुक्त कर्जावर सही करताना हेही ध्यानात ठेवावे की पुढे घटस्फोट झाला तरी बँकेच्या लेखी दोघेही पूर्ण कर्जाचे देणेकरी राहतात.

शेवटी दस्ताची बाब. प्लॉटमधला पत्नीचा हिस्सा तुम्ही घेणार असाल तर संमतीच्या अटींत गटक्रमांक, क्षेत्र, रक्कम आणि पैसे देण्याची तारीख नेमकी लिहा, आणि त्याप्रमाणे नोंदणीकृत दस्त करा. मुद्रांक शुल्क दस्ताच्या प्रकारानुसार आणि नात्यानुसार बरेच बदलते, म्हणून मसुदा पक्का करण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशी करावी आणि दस्त घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधी करावा की नंतर, हे वकिलाकडून ठरवून घ्यावे. दस्त झाल्यावर तलाठी कार्यालयात फेरफार नोंदवून सातबाऱ्यावरील नाव बदलले आहे, याची खात्री करा, आणि पत्नीचे पैसे त्याच दिवशी तिच्या खात्यात जमा करा.